लाल पाण्याची सोयरीक

मामेबहिणीसाठी अकोल्याचं स्थळ आलं, तेव्हा मामीने मुलाच्या नोकरीची फारशी चौकशी केली नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की त्या भागातल्या बोअरच्या पाण्यात लोखंड असतं आणि त्याने सुनांचे केस जातात. मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मामा-मामी मुलीला घेऊन घर पाहायला निघाले, तेव्हा मामीने मला पाणी तपासायच्या सामानासकट सोबत घेतलं. खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या विषयाची घरात कुणाला गरज पडण्याची ही पहिलीच वेळ होती.

परीक्षा सोपी असते. पाण्यात थोडं आम्ल घालायचं, मग थायोसायनेटचे दोन थेंब. पाण्यात लोखंड असेल तर थायोसायनेट त्याला जाऊन चिकटतं आणि लाल रंग येतो. धातूला असं चिकटणाऱ्याला आम्ही लिगँड म्हणतो.

मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते. आलूपोहे झाल्यावर मामीने विषय काढला, तर त्यांना राग आला नाही. उलट विज्ञानाचं काम आहे म्हणून त्यांनी टीपॉय पुसून घेतला आणि पंखा बंद केला. मी त्यांच्या बोअरचं पाणी परीक्षानळीत घेतलं, आम्ल घातलं, थेंब टाकले. पाणी रक्तासारखं लाल झालं. मुलाच्या आत्याने तोंडाला पदर लावला.

मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी सांगितलं की लोखंडाभोवती सहा जागा असतात, एरवी तिथे पाण्याचे रेणू बसलेले असतात, थायोसायनेट त्यातल्या एकाला उठवून स्वतः बसतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता तुमचं पाणी दाखवा."

मामीच्या पिशवीत अमरावतीच्या राजापेठेतल्या घरून प्यायला भरून आणलेली बाटली होती. तेही पाणी लाल झालं. दोन्ही नळ्या खिडकीशी नेल्या गेल्या. कोणती जास्त लाल, यावर मामा आणि मुलाचे काका अर्धा तास भांडले. ज्यांचं लग्न ठरायचं होतं ती दोघंही नळ्यांकडेच बघत होती. शेवटी आत्या म्हणाली, "रंग तर सारखाच हाये. दोन्ही घरचं लोखंड एक हाये, मंग काहून अडून राहिले?"

मामाने दोन्ही नळ्या टीपॉयवर ठेवून दिल्या. पत्रिका पिशवीतच राहिली आणि संध्याकाळी मामेबहिणीची ओटी भरली गेली.

सोमवारी वर्गात तीच परीक्षा दाखवायची होती. शिस्तीप्रमाणे आधी शुद्ध पाणी घेतलं, त्यात काहीच नसतं. ते लाल झालं. अकोल्याला नेलेली आम्लाची बाटली मी उजेडात धरली. आम्ल जुनं, पिवळट झालेलं. लोखंड त्यातच होतं. आधी शुद्ध पाणी तपासा, हे मी मुलांना दर वर्षी ओरडून सांगते, आणि अकोल्यात मी स्वतःच ते केलं नव्हतं.

मामीला फोन केला. ती म्हणाली, "आता कोणाले सांगू नोको, बाई. कपडे घेऊन झाले."

आठवडाभर मी गप्प बसले. मग राहवेना म्हणून मुख्याध्यापकांना फोन करून सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हंजे आमचं पाणी चांगलं हाये?"

"ते अजून कळलेलंच नाही, सर. नवं आम्ल घेऊन येते."

"राहू द्या," ते म्हणाले. "आता आमचं चांगलं निघालं आन् तुमचं खराब, तर पंचाईत होईन."

लग्न थाटात झालं. मुख्याध्यापक पाहुण्यांना माझी ओळख 'पाण्यावाल्या मॅडम' अशी करून देत होते. पंगतीत मूर्तिजापूरचे एक गृहस्थ मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या मुलीसाठी एक घर पाहायचं होतं, रविवारी मला जमेल का, असं त्यांनी विचारलं. रविवारी पेपर तपासायचे आहेत, असं मी सांगितलं. ते खरंही होतं.