खडी फोडणारी म्हातारी ‘न्हाई’ म्हणाली

अभ्यास मंडळातल्या मित्रांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद मी रागानंच लावतोय.

आज दुपारी कर्जतजवळच्या दुष्काळी कामावर आपल्या सरांनी खडी फोडणाऱ्या बायांना फ्रेंच तत्त्वज्ञान सांगितलं. “माणूस ‘नाही’ म्हणतो, तिथं त्याचं खरं असणं सुरू होतं. राजकारणही तिथूनच सुरू होतं!”

पुढ्यातली एक म्हातारी उठली. “मग आमी न्हाई म्हनतो. जेवायची सुट्टी हाय, भाकरी खाऊ द्या.”

सर भडकले. “अडाण्यांपुढं बोलणंच चूक!”

अडाणी? अख्खं व्याख्यान त्या एकटीला कळलं होतं! आणि आपण काय केलं? “ए म्हातारे, खाली बस” म्हणून ओरडलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

नकार पॅरिसहून आला, तरच आपल्याला कळतो का रे?