बडे बाबू ब्राउझर बंद करत नाहीत

मी नोकरीत नेमकं काय करते हे माझ्या आईला आजतागायत सांगता आलेलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणते, "कॉम्प्युटरमध्ये आहे," जशी काही मी आत राहायलाच गेले आहे. खरं तर काम अगदी घरगुती. कोपर्निकस मार्गाजवळ आमची एक संस्था आहे, तिथे चारशे कॉम्प्युटर, आणि त्या चारशेंवरचे ब्राउझर शिस्तीत ठेवणं माझ्याकडे. कुठली वेबसाइट उघडू द्यायची, कोणाचे पासवर्ड लक्षात ठेवायचे, नवी आवृत्ती कधी चढवायची, सगळं माझ्या टेबलावरून ठरतं. मी एक बटण दाबलं की चार मजल्यांवर लोक "अरे यार, ये क्या हो गया" म्हणतात. इतकी सत्ता माझ्यासारखीच्या हातात द्यायला नको होती, कारण राग माझ्या नाकावर असतो.

आई फरीदाबादला माझ्याकडे राहते. गेल्या वर्षी तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या गाऊनला शेजारीण समजून तिने "काय गं, आज बोलत नाहीस?" असं विचारलं होतं. मग एक दिवस ती जिन्यात पायरी चुकली, आणि हसणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका. ऑपरेशन ऑफिसच्या आरोग्य कार्डावर होणार होतं, पण त्या कार्डावर आईचं नाव अजून चढलेलंच नव्हतं.

ते चढवायचं काम आस्थापना विभागाचं. म्हणजे आमच्या सगळ्यांच्या रजा, बढत्या आणि कार्डं जिथे जाऊन बसतात ती खोली. तिथले मुख्य अधीक्षक मूळचे रत्नागिरीकडचे, पण तीस वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलेले. सगळं ऑफिस त्यांना बडे बाबू म्हणे, मी काका म्हणायची. दिवसभर हिंदी बोलून जीभ थकली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन दोन मिनिटं मराठी बोलून यायची. ईदला त्यांच्या घरून माझ्यासाठी वेगळा डबा यायचा, त्यात सांदणं. माणूस सज्जन, शब्द मोजून वापरणारा. काम कुठवर आलं असं विचारलं की एकच उत्तर: "चालू आहे."

आईच्या अर्जाबद्दल पहिल्या महिन्यात तीनदा विचारलं. तिन्ही वेळा चालू होतं. चौथ्यांदा मी भर सेक्शनमध्ये भडकले. म्हटलं, "काका, तुमचं चालू म्हणजे बंद असतं का, तेवढं सांगा. तुमच्याने होत नसेल तर मी दुसरीकडून करून घेते." सगळ्यांच्या माना वर झाल्या. काका नुसते चष्मा पुसत राहिले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

जागेवर आले आणि मी एक हलकट काम केलं. आमच्या लायब्ररीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेले काही कॉम्प्युटर आहेत. त्यांना वेगळा नियम: ब्राउझर बंद केला की आतलं सगळं पुसायचं. पासवर्ड, उघडी पानं, अर्धवट भरलेले फॉर्म, काही ठेवायचं नाही. मी काकांचा कॉम्प्युटर गुपचूप त्या गटात टाकला. बेत असा की उद्या ते तक्रार घेऊन येतील, आणि मी मान वर न करता म्हणेन, "चालू आहे." हे वाक्य मी मेट्रोत घरी जाताना दोनदा म्हणून पाहिलं.

ते आलेच नाहीत. चार दिवसांनी माझा राग उतरला, मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले, आणि तो नियम काढायचं साफ विसरले. पुढे पाच महिने आई गाऊनशी गप्पा मारत राहिली.

मग वरून फर्मान आलं: महिनाअखेरीपर्यंत चारशेच्या चारशे कॉम्प्युटरवर ब्राउझरची नवी आवृत्ती हवी. आवृत्ती आपोआप उतरते, पण ब्राउझर एकदा बंद करून उघडल्याशिवाय लागू होत नाही. माझ्यासमोर तक्ता असतो, झालेल्याला हिरवा ठिपका, राहिलेल्याला लाल. दोन दिवसांत तीनशे नव्याण्णव हिरवे झाले. लाल राहिला तो काकांचा. तक्ता उलगडून बघते तर त्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर पाच महिने बंदच झालेला नव्हता.

मी त्यांच्याकडे गेले. पडद्यावर टॅब इतके, की एकाचंही नाव वाचता येत नव्हतं, नुसते कंगव्याचे दात. पडद्याच्या कडेला त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'बंद करू नये.'

"काका, दोन मिनिटांचं काम आहे."

"आज नको. एक काम चालू आहे."

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. तरी मी गोड बोलले, कारण ते दोन आठवड्यांनी येणाऱ्या मंगळवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रिटायर होणार होते. "काही जाणार नाही हो. सगळे टॅब जिथल्या तिथे परत येतील. माझा शब्द."

"बिल्कुल?"

"बिल्कुल."

"मग सोमवारी बघू," ते म्हणाले. सोमवारी म्हणाले, बुधवारी बघू. असे नऊ दिवस गेले. माझे साहेब रोज विचारत, "मॅडम, एक मशीन नहीं हो रही आपसे?" दुसरी काळजी त्याहून मोठी होती. काका गेले की त्या खुर्चीवर नवा माणूस येणार, तो आईचा अर्ज पहिल्यापासून वाचणार, आणि आणखी सहा महिने जाणार. पण काकांना पुन्हा विचारायचं तर माझं मागचं बोलणं आडवं येत होतं.

शुक्रवारी दुपारी काका नमाजाला गेले. मी माझ्या टेबलावरून त्यांचा ब्राउझर सक्तीने बंद करून उघडायचा हुकूम सोडला. ठिपका हिरवा झाला. चारशे पूर्ण. साहेबांना कळवलं आणि टॅब परत आलेत का ते पाहायला खुशीत वर गेले.

पडद्यावर संस्थेचं पहिलं पान होतं, बाकी काही नाही. एकही टॅब नाही. मला लायब्ररीचा गट आठवला.

काका परत आले, बसले, पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"गेलं सगळं?"

"हो. माझ्यामुळे."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "लिही." आणि डोळे मिटून सांगायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरची रजा, कुठल्या पानावर अडली आहे. माळ्याच्या बायकोचं पेन्शन, कोणता कागद बाकी आहे. एकेक माणूस, एकेक टॅब. काम संपल्याशिवाय त्यांनी एकाचंही पान मिटलं नव्हतं. एकसष्ट नोंदी झाल्या. माझा हात दुखायला लागला, पण बोलायची सोय नव्हती.

"आणि बासष्टावं, तुझ्या आईचं कार्ड," ते म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. मग कळलं ते असं. पाच महिने तो अर्ज वेगवेगळ्या टेबलांवरून फिरवून काकांनी सगळ्या सह्या मिळवल्या होत्या. नऊ दिवसांपूर्वी कार्डाच्या वेबसाइटवर फॉर्म भरला, सगळी कागदपत्रं चढवली, आणि शेवटचं 'जमा करा' हे बटणच चालेना. तिकडे फोन केला तर सांगितलं, "पेज बंद मत कीजिएगा, देखते हैं." म्हणून नऊ दिवस काका ते पान जिवंत ठेवत होते. दर वीस मिनिटांनी हलवायचं, नाहीतर बाहेर काढतं. नमाजाला जाताना शेजारच्या टेबलावर सांगून जायचे, रात्री आणि सुटीच्या दिवशी पहारेकऱ्याला.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"झालं की सांगणार होतो. अर्धं काम काय सांगायचं."

आम्ही फॉर्म पुन्हा भरायला बसलो. आईचे कागद माझ्या मोबाइलमध्ये होते. तासाभरात शेवटच्या बटणापर्यंत आलो. काका म्हणाले, "आता हे चालणार नाही, बघ," आणि दाबलं. अर्ज गेला. लगेच नंबर आला.

आम्ही दोघं त्या नंबराकडे बघत राहिलो.

"आज कसं काय चाललं?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं, आणि द्यावंसं वाटत नव्हतं. ते बटण जुन्या आवृत्तीवर चालतच नव्हतं. नवी लागली आणि चाललं. शेवटी सांगितलंच.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझ्या आईचं काम नऊ दिवस मीच अडवलं."

आता गप्प राहिले असते तर तो सज्जन माणूस अपराध घेऊन घरी गेला असता. मी सगळं सांगून टाकलं. लायब्ररीचा गट, राग, मेट्रोत म्हणून पाहिलेलं वाक्य. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळं ऐकून ते म्हणाले, "अच्छा. मला वाटलं नवीन नियम आला असेल. दुसऱ्याच दिवशी कळलं, बंद केलं की पुसतंय. मग बंद करणंच सोडलं. ती चिठ्ठी त्याचीच." मग म्हणाले, "तू चिडलीस त्यात चूक नव्हती. मी 'चालू आहे' म्हणायचो. 'करतोय' म्हणायला हवं होतं."

मला तिथे बसवेना. खाली येऊन आधी त्यांचा कॉम्प्युटर त्या गटातून काढला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

मंगळवारी निरोपाचा हार गळ्यात तसाच ठेवून काकांनी मला वर बोलावलं. एकसष्ट कामांतली काही झाली होती, उरलेली नव्या माणसासाठी कागदावर नीट लिहून ठेवलेली. पडद्यावर एकच टॅब होता. आईचं कार्ड आलं होतं. त्यांनी ते छापलं, माझ्या हातात दिलं, कडेची चिठ्ठी सोलून काढली आणि माउस वरच्या फुलीवर नेला.

"पुसणार नाही ना?"

"नाही, काका. माझा शब्द."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस," ते म्हणाले, आणि बंद केलं.