मास्तरांनी वाचलेलं माझं पत्र

"आधी सांगून टाकतो, सारे खुशाल हायेत." कुणाचंही पत्र गुडघ्यावर उलगडलं की आमचे मास्तर हे आधी म्हणत, आणि मग घसा खाकरत.

कौंडण्यपूरच्या अलीकडच्या एका गावात ते शाळामास्तर होते आणि त्याच खोलीतल्या डाकेचे बाबूही. असे दुहेरी मास्तर तुम्हीही पाहिले असतील. सकाळी मुलांना पावकी-निमकी शिकवायची, दुपारी गावाला पत्रं वाचून दाखवायची.

मी अकोल्याला सरकी काढायच्या एका जिनात कापसाची वजनं लिहितो. लिहिलेला आकडा पुन्हा ताडून पाहायचा, ही सवय त्यांचीच. चाळिशी उलटल्यावर वाटलं, या माणसाचे आभार मानायचे राहिलेच. बावीस ओळींचं पत्र लिहिलं. दोन महिने झाले तरी उत्तर नाही. पोचलं की नाही, तेवढं कळायला हवं होतं. कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो तेव्हा वाट वाकडी करून शाळा गाठली.

ओसरीवर एक माळीण बसली होती. तिचा मुलगा नागपूरच्या गिरणीत. मास्तरांनी त्याचं कार्ड वाचून दाखवलं.

"मास्तर, मांगच्या महिन्यातबी त्यानं हेच लिवलं व्हतं."

"पोरगं एका वचनाचं हाये, माय."

मी नमस्कार करून माझ्या पत्राचं विचारलं.

"भेटलं ना!" त्यांनी फळीवरचा गठ्ठा माझ्यापुढे केला. "तुयं काढ."

"मंग वाचा ना मास्तर," माळीण म्हणाली, "काय लिवलं यायनं, ते आमालेबी आयकू द्या."

मग पत्र गुडघ्यावर आलं.

"आधी सांगून टाकतो, मी खुशाल हावो. मास्तर, चवथीत असताना पोट दुखते म्हणून मी सुटी घेतली, ते खोटं व्हतं. मी जत्रेत गेलतो. तिथं भजी खाल्ली, अन् मंग खरंच दुखलं."

माझ्या बावीस ओळींत यातला एक शब्दही नव्हता. आणि घडलं होतं अगदी असंच. तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

माळीण पदराआड हसत होती. मास्तरांची नजर कागदावर एकाच जागी होती, ओळीवरून सरकतच नव्हती.

"असंच लिवलं ना रे?"

वजनाच्या वहीत मी कधी खोटा आकडा घातलेला नाही. मी म्हणालो, "अक्षर न् अक्षर, मास्तर."

माळणीचं कार्ड मात्र मी मागून घेतलं आणि वाचलं. मुलगा खरोखरच खुशाल होता. मजकूरही तोच होता.

ती गेल्यावर मी विचारलं, "कावून नाई सांगतलं कोनाले?"

"माणसं दिसतात रे, अक्षरं तेवढी दिसत नाईत. शाळा तपासाले येते त्या डिप्टी साहेबाले समजलं त शाळाबी जाईन अन् डाकबी. साऱ्यायची घरं मले मालूम हायेत. अंदाजानं चालून राह्यलं."

"अन् अंदाज चुकला त?"

मास्तर उपरण्यानं गठ्ठ्यावरची धूळ पुसू लागले. शाळेत अशा वेळी मी पाटी पुसत असे.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, जाड भिंगांचा चष्मा आला. महिन्याभरानं त्यांच्या हातचं कार्ड आलं: "तुझे पत्र आज वाचले. बावीस ओळी आहेत. त्या दिवशी मी वाचले ते बरे होते. पुन्हा लिहून पाठव."

मी लिहायला बसलो. पहिले दोन खर्डे फाडले. तिसरा जमत आला होता, तेवढ्यात त्यांच्या घरून कार्ड आलं. मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा फाडतात, तसा त्याचा कोपरा फाडलेला होता.