आबांच्या तारा

कुठलीही कड दिसली की आबा तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "सरळ न्हाई." डब्याचं झाकण, कॅन्टीनचं टेबल, बसमधल्या पुढच्या सीटचा दांडा, काही म्हणजे काही सुटायचं नाही. तुमच्याही कंपनीत असा एखादा असेलच.

चाकणच्या आमच्या कंपनीत ते टूलरूममध्ये फिटर, मी स्टोअर्समध्ये. कंपनीच्या बसमध्ये मी आधी बसायचे, ते पिंपळे गुरवला चढायचे. वाकडा पत्रा संध्याकाळपर्यंत सरळ करून देणारा हा माणूस फोटोत मात्र ओठ घट्ट मिटून उभा राहायचा. पुढचे दात एकमेकांवर चढलेले आणि वर तंबाखूचा रंग.

ते दात नातीनेही जसेच्या तसे उचलले होते. वर्गातल्या मुली चिडवायच्या. ती आधी तोंडावर हात धरून हसायची, मग हसायचीच थांबली. डॉक्टरांनी तारा सुचवल्या, तर "आणखीनच चिडवतील" म्हणून अडून बसली.

एका सोमवारी आबा बसमध्ये चढले आणि आमच्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं. दातांवर चकचकीत तारा!

"आबा, या वयात? लग्नबिग्न ठरलं का काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"नात म्हनली, आबा, तुमी लावा, मग मी लावते. लावल्या. आता तिची पाळी."

हिरड्या धडधाकट असल्या तर वयाची अडचण नाही, फक्त तंबाखू बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुडी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. जेवण झालं की आबा कॅन्टीनच्या बेसिनवर ब्रश करत इतका वेळ उभे राहायचे की मागे रांग लागायची. नातीने शब्द पाळला, तिनेही तारा लावल्या.

पण आबांना सवय काम संध्याकाळी हातावेगळं करायची. रोज आरशासमोर नख फिरवून बघायचे, दात हलायचं नाव घेईनात. शेवटी फिटरच करील ते त्यांनी केलं. घरची पकड घेतली आणि तार स्वतःच आवळली. दुसऱ्या दिवशी गाल टम्म सुजलेला, तार धरणारी दातावरची एक टिकली निखळलेली.

"दात लोखंडाचे नाहीत, आबा. हाडात बसलेत. हाड सावकाशच सरकतं," डॉक्टर रागावल्या.

त्याचं त्यांना काही नव्हतं. "ह्ये त्वांड बघून पोरीनं तारा काढल्या म्हंजे?" एवढंच ते बसमध्ये बोलले. त्या दिवशी दांड्यावरून नखही फिरलं नाही.

पोरीने तारा काढल्या नाहीत. ती भडकली. घरातल्या सगळ्या पकडी तिने कपाटात घालून कुलूप लावलं आणि दर महिन्याला आबांना स्वतः दवाखान्यात नेऊ लागली. "यांना एकटं सोडायची सोय नाही," ती डॉक्टरांना म्हणाली. हे आबाच आम्हाला सांगायचे, तेही छाती फुगवून.

तिच्या तारा आधी निघाल्या. आबांचं काम रखडलं. ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभालाही तारा होत्याच, पण त्या फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे.

आता बस आबांच्या पिंपळे गुरवच्या थांब्यावर थांबत नाही. मागच्या आठवड्यात सिग्नलला हळू झाली, तेव्हा दोघं फुटपाथवर दिसली. आबांच्या तारा निघालेल्या. नात काहीतरी सांगत होती आणि दोघंही खदखदून हसत होती. हात कुणाचाच तोंडाकडे गेला नाही.

बस पुढे निघाली. मी समोरच्या दांड्यावरून नख फिरवलं. तो अजून वाकडाच आहे.