मास्तरांचा डावा कान

आमच्या समोरच्या दारातले मास्तर शाळेतले नव्हेत, बेकरीतले. बत्तीस वर्षं भट्टीपुढे उभे राहिले, पण घरी आले की बेकरीच्या पावाला हात लावायचे नाहीत. वहिनींनी केलेले लांबट सँडविच रोलच लागायचे. "तिथले लोकांसाठी," म्हणायचे. मालकाने ऐकलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

हे रोल वहिनींना त्यांनीच शिकवले, लग्न झाल्या झाल्या. परीक्षा एकच. मळलेलं पीठ चिमटीत धरायचं, मग कानाची पाळी धरायची. दोन्ही सारखी लागली की पीठ झालं. कान मात्र आपला धरायचा नाही. "आपलं सगळं आपल्याला मऊच वाटतं," हा मास्तरांचा सिद्धान्त. घरात दोघंच, त्यामुळे कान कुणाचा हा प्रश्नच उरला नाही. मास्तर पेपर वाचत बसलेले असायचे. वहिनी पिठाच्या हाताने बाहेर यायच्या, त्यांच्या डाव्या कानाची पाळी धरायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि परत आत. मास्तर पान उलटायचे. पांढरा कान घेऊन बाजारात फिरणारा हा एकच माणूस मी पाहिलाय.

जिन्यात गाठून मी विचारायचोच, "काय मास्तर, आज किती वेळा कान पकडला?"

"दोनदा. मैदा नवीन आहे," ते गंभीरपणे सांगायचे.

गेल्या वर्षी मास्तरांचा घसा आवळत गेला. आधी आवाज गेला, मग जेवण. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं काढलं, तर मास्तरांनी हातानेच नाही म्हटलं, तेही असं की पुन्हा कुणी विचारू नये. "मग तोंडाने जातंय तोवरच," डॉक्टर वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले. पातळ काही दिलं की जीवघेणा ठसका. दुधात बुडवलेला रोल तेवढा जायचा, चिमणीच्या घासांनी. सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. मास्तर त्या एका रोलावर जगत होते.

आणि नेमके तेव्हाच रोल बिघडले. नको झालेला माल माझ्याकडे येतो म्हणून मला लगेच कळलं.

"वहिनी, हा रोल आहे की दाराला लावायची पाचर?"

"तुम्हाला फुकटचं मिळतंय ना भाऊजी, मग गिळा."

मी गिळत होतो, मास्तरांना गिळता येत नव्हतं. वहिनींनी मैदा बदलला, यीस्ट बदललं, ओव्हनला शिव्या घातल्या. ओव्हनमधून काढलेल्या रोलांवर एकाऐवजी दोन फडकी झाकून पाहिली, वाफेने साल मऊ राहावी म्हणून. काही फरक नाही. मास्तरांचा अर्धा रोल चतकोरावर आला.

एके सकाळी मी मास्तरांपाशी बसून त्यांना इमारतीतल्या भानगडी सांगत होतो. वहिनी आल्या, कान धरला, डोळे मिटले. माझे उघडे होते. त्या कानाला पाळी उरलीच नव्हती. सुकलेल्या लिंबाच्या सालीसारखा तो झाला होता, पातळ आणि कडक. वहिनी आत गेल्या आणि दारातून मला दिसलं, त्यांनी पिठात आणखी एक मूठ मैदा टाकला.

  भानगड अर्धी सोडून मी आत गेलो.

"वहिनी, माप बदला."

"कसलं माप?"

"कान."

आधी त्यांना माझी नेहमीची चेष्टाच वाटली. मग मळणारे हात थांबले. त्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे दोन महिने मीच घट्ट मळत होते?"

मी मान पुढे केली. "हा घ्या. तुमची जाऊ इतकी वर्षं पिळतेय, चांगला मुरलाय."

त्या हसल्या नाहीत. कान धरला, पिठात दूध घातलं, मळलं, पुन्हा धरला. चार वेळा. पीठ फुगलं, रोल वळून ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून मांडले, पुन्हा फुगू दिले, वरून दूध लावलं, भाजले. रोल बोटाने दाबला की वर येत होता.

वहिनींनी तुकडा दुधात बुडवून मास्तरांच्या जिभेवर ठेवला. आम्ही दोघं त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो. गळा हलला नाही. एकदा हलल्यासारखा वाटला, पण तो नुसता श्वास होता. बऱ्याच वेळाने वहिनींनी बोट घालून तो तुकडा गालातून बाहेर काढला.

"उद्या अजून मऊ करते," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ताटलीतला उरलेला रोल उचलला. जुन्या सवयीने अंगठ्याने दाबला, मोडून आत पाहिलं, आणि वहिनींकडे बघून मान डोलावली. रोल चोख झाला होता. मग तो त्यांनी ताटलीत ठेवला आणि ताटली हळूच दूर सारली.

दुपारी वहिनी अख्खा ट्रे घेऊन आमच्या दारात उभ्या. माझी बायको म्हणाली, "अहो, एवढे कशाला? तुम्हाला ठेवा की."

"आमच्याकडे आता खाणारं कोणी नाही," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्यामागे दार उघडंच होतं. आत मास्तर पेपर मांडीवर घेऊन बसले होते.