हात सुटल्याच्या गाण्याला वन्स मोअर

मंडळी, आत्ताच गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये एक म्युझिकल फिल्म बघून आलोय. सायखेड्याच्या पूरग्रस्तांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं त्यात एक शब्दही न बदलता चालीत बसवलंय.

माझ्या शेजारी त्यातल्याच एक मावशी होत्या. त्यांची मुलगी पुरात वाहून गेली. पडद्यावर त्यांचं वाक्य गाणं होऊन आलं, "माझ्याकडून हात सुटला." हॉलने टाळ्यांचा ठेका धरला. मग वन्स मोअर. गाणं पुन्हा लावायला सीडी मागे नेली.

मावशी हळूच म्हणाल्या, "आता परत सुटंल तिचा हात."

शेवटी दिग्दर्शकाने त्यांना शाल-नारळ दिला आणि माइक पुढे केला. "मावशी, ती ओळ तुमच्या आवाजात होऊन जाऊ द्या."

त्यांनी म्हटली. परत टाळ्या.

उद्या तुमच्या घरचं कोणी गेलं, तर ठेक्यात रडायला जमेल ना?