आबांना जोड मिळाली नाही

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, तरुणपणी एकदाच जत्रेच्या कुस्त्यांना गेले. लंगोट लावून, अंगाला माती चोळून त्यांनी आखाड्यात तीन चकरा मारल्या. पद्धतच तशी. पैलवानानं फिरायचं, ज्याच्यात दम असेल त्यानं येऊन हात धरायचा, मग जोड ठरायची. आबांचा हात कुणी धरलाच नाही. "माझ्याएवढा दांडगा गडीच नव्हता तिथं!" असं ते छाती फुगवून सांगायचे आणि आम्ही भावंडं खुळ्यागत टाळ्या वाजवायचो.

माझी ट्यूब पेटली थेट चाळिशीत, रांजणगावच्या कंपनी बसमध्ये. लेक शिरूरला बॉक्सिंग शिकायला लागली म्हणून मी मोबाइलवर जुन्या बॉक्सरांचे व्हिडिओ बघत होतो. शंभरेक वर्षांपूर्वी सगळ्यात वजनदार गटातले गोरे चॅम्पियन काळ्या बॉक्सरशी खेळायलाच नकार द्यायचे. काळ्यानं सगळ्यांदेखत आडवं केलं, तर मर्दानगीचं काय राहणार? एक काळा पठ्ठ्या मात्र चॅम्पियनच्या मागं देशोदेशी फिरला. शेवटी ऑस्ट्रेलियात गाठलं त्याला आणि हसत हसत बडवलं. मी बसमध्येच मांडीवर थाप मारली.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं.

"म्हंजी त्याला जोड मिळाली म्हण की," ते म्हणाले. "आपल्या वस्तीतल्या गड्याला कोण शिवणार व्हतं तवा? पाडलं असतं तरी चाललं असतं रं. हात तरी धरला असता."

माझं डोकंच सटकलं. लाजही वाटली, त्या टाळ्यांची.

यंदा दौंडला लेकीची फायनल होती. आबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. लेक रिंगमध्ये एकटीच उभी. समोरची आलीच नाही, वॉकओव्हर. पंचांनी लेकीचा हात वर केला, मी शिट्टी मारली, बायकोनं पेढ्यांचा बॉक्स उघडला.

"ती पोरगी का आली न्हाई?" आबा उठून उभेच राहिले.

"असंल काहीतरी. मेडल मिळालं ना, आबा!"

"चुलीत घाल तुझं मेडल! का आली न्हाई?"

आणि म्हातारा तरातरा निघाला. मी पेढा तोंडात तसाच धरून मागं.

ती पोरगी मागच्या बाकावर रडत बसली होती. आबा तिच्यापुढं उभे राहिले. "बाळा, खरं सांग. हिच्याबरूबर खेळू नको म्हणलं का तुला कुणी?"

पोरीनं मान वर केली. "नाही ओ आजोबा. सकाळी वजन तीनशे ग्रॅम जास्त भरलं, म्हणून बाद केलं. काल पावभाजी खाल्ली ना."

"पावभाजी?"

"दोन प्लेट."

आबा मटकन तिच्या शेजारी बसले आणि खोकला लागेपर्यंत हसले. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"पुढच्या खेपंला उपाशी ऱ्हा, पण ये," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

पोरीनं नाक पुसलं आणि तो धरला.